सावलीत वाळलेल्या तीन मिरच्या

हळदोली गावात सगुणी नावाची एक मुलगी राहत होती. वय आठ, परकर एक, त्या परकराला ठिगळे पाच, आणि आई राजवाड्यात. यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकी कशाबद्दल तिची तक्रार नव्हती.

आईचे नाव गोदा. मिरची कांडण्यात तिचा हात धरील असे पंचक्रोशीत कुणी नव्हते, आणि तेच तिला भोवले. झाले असे, की राजेसाहेबांच्या तोंडाची चव गेली. बासुंदी दिली तरी ते म्हणत, "पाणी आहे." कारल्याची भाजी दिली तरी म्हणत, "पाणी आहे." राजवैद्यांनी त्यांना जीभ बाहेर काढायला लावली, ती उजवीकडून पाहिली, डावीकडून पाहिली, आणि सांगितले, "जिभेला झोप लागली आहे. तिखटाने जागी होईल." राजवैद्य फार विद्वान होते. त्यांचे म्हणणे एकदा चुकले, की ते तेच म्हणणे आणखी मोठ्याने सांगत. मग काय! राज्यातली वाळलेली मिरची पोत्यापोत्यांनी राजवाड्यात जाऊन पडली, आणि बारा गावांतल्या बारा बायका ती कांडायला बोलावल्या गेल्या. राजेसाहेबांना चव येईपर्यंत एकीनेही घरी जायचे नाही, असा हुकूम निघाला.

"तू कधी येशील?" निघताना सगुणीने आईला विचारले होते.

"राजाला चव आली की लगेच," आई म्हणाली. तिने सगुणीचे दोन्ही गाल हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

त्या दिवसापासून राजाच्या जिभेची काळजी सगुणीने जेवढी केली, तेवढी खुद्द राणीसाहेबांनीही केली नसेल. पण जीभ काही जागी होईना. पाच महिने झाले. आईचा आवाज सगुणीला अजून आठवत असे; पण अलीकडे तो कडेकडेने पुसट होऊ लागला होता. 'सगू' अशी हाक नीट ऐकू येई. 'चल जेवायला' कसे म्हणायची, ते मात्र काही केल्या आठवेना. मग ती डोळे मिटून बसे आणि पुन्हा पुन्हा आठवून बघे.

घरात तिच्या सोबतीला ठकूआत्या होती. आत्याचे गुडघे दुखत आणि जीभ दुखत नसे, म्हणून ती कामे बसून आणि बोलणी उभ्याने करी. "आठ वर्षांची घोडी झाली, अजून आई आई करते," असे ती दिवसातून दहा वेळा म्हणे, आणि अकराव्या वेळी सगुणीच्या पानात गुपचूप आपल्या वाटणीची अर्धी भाकरी सरकवी.

घरामागच्या परसात आईची बाग होती. बाग कसली, फुटके माठ, कान तुटलेल्या कुंड्या आणि बूड गेलेली एक घागर. पण त्यांत उभी होती जगावेगळ्या मिरच्यांची झाडे! कुठे जांभूळरंगी मिरच्या, इवल्या इवल्या, आकाशाकडे तोंड करून बसलेल्या. कुठे मोत्यासारख्या पांढुरक्या, गोलमटोल, बोराएवढ्या. कुठे केशरी, कंदिलासारख्या फुगीर, उन्हात आतून दिवा लावल्यासारख्या दिसणाऱ्या. एक झाड तर असे नटवे होते, की त्याच्यावर पोपटी, पिवळा, नारिंगी आणि लालचुटूक असे चारही रंग एकाच वेळी लुकलुकत. आईला जिथे कुठे वेगळ्या मिरचीचे बी मिळे, ते ती पदराच्या गाठीत बांधून आणी.

गावातल्या बायका नाके मुरडत. "लोणच्याला नाही, ठेच्याला नाही. मेली नुसती नटून बसलेली मिरची!" राजाचे शिपाई गावातली मिरची उचलायला आले होते, तेव्हा त्यांनीही ही बाग पाहिली आणि "शोभेची आहे, नको" म्हणून पुढे गेले. शोभेच्या वस्तूंची राजवाड्यात आधीच गर्दी होती.

या मिरच्या वाळवायच्या कशा, ते आईने सगुणीला शिकवले होते. देठासकट खुडायची. मऊ फडक्याने पुसायची. देठात दोरा ओवून, वारा येईल पण ऊन येणार नाही अशा जागी टांगायची. "उन्हात टाकली तर तीन दिवसांत वाळेल," आई म्हणे, "पण रंग उडेल. सावलीत तीन आठवडे लागतील, पण जांभळी ती जांभळीच राहील. रंग हवा असेल, तर वाट बघायची तयारी हवी, सगू." सगुणीला तेव्हा वाटे, तीन आठवडे म्हणजे केवढा काळ! आता तिला तीन आठवड्यांचे काहीच वाटत नव्हते.

एके दिवशी सगुणी पाणी आणायला गेली असताना शेजारच्या कोंडाबाईची शेळी कुंपणातून आत शिरली. तिचे नाव चांदी. दिसायला गरीब, पण पोटाने अगदी दरोडेखोर. सगुणी परत आली तेव्हा चांदीने जवळजवळ सगळी बाग फस्त केली होती आणि तोंड आंबट करून ती रवंथ करीत होती. आईच्या बागेत आता उभ्या होत्या काड्या. पाने गेली, फुले गेली, मिरच्या गेल्या. मोजून तीन उरल्या: एक जांभळी, एक मोतिया आणि एक केशरी. आणि केशरीच्या, मोडून लोंबकळणाऱ्या फांदीवर एक पांढरे फूल.

सगुणीने शेळीला मारले नाही. तिच्या ओठाला लागलेले तिखट ओल्या फडक्याने पुसले आणि तिला घरी पोहोचवून ती परत आली. मग आपल्या परकराची एक चिंधी फाडून तिने मोडलेल्या फांदीला पट्टी बांधली. ऊन कडक होते. फूल मान टाकू लागले होते. तेव्हा तिने दोन्ही तळहातांची चिमुकली छपरी करून त्याच्यावर सावली धरली. हात भरून आले, मुंग्या आल्या, तरी तिने ते खाली घेतले नाहीत.

"जरा बाजूला घेशील का हात?" फुलातून आवाज आला. "वारा लागू दे की! जीव गुदमरला माझा."

पांढऱ्या पाकळ्या उघडल्या, आणि आतून निघाली एक इटुकली, मिटुकली परी! करंगळीच्या पेराएवढी. तिचा झगा मिरचीच्या फुलासारखा शुभ्र, केस कोवळ्या पानांसारखे हिरवेगार, आणि पंख वाळलेल्या मिरचीच्या सालीसारखे तांबूस, पातळ, आरपार दिसणारे. तिने पंख झटकले, तशी चहूकडे सोनेरी चमचम उडाली. त्या चमचमीने सगुणीला शिंक आली.

"तू... तू परी आहेस?"

"नाही, कोतवाल आहे," परी म्हणाली. "पंख दिसत नाहीत वाटतं? माझं नाव ठिणगी. गुलाबातल्या पऱ्या गोड बोलतात, मी मिरचीतली आहे. तेवढं सांभाळून घे." मग तिने फांदीवरची पट्टी पाहिली, सगुणीच्या परकराला पडलेले नवे भोक पाहिले, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तीन मिरच्या उरल्यात ना? तीन इच्छा माग, बाळ."

"माझी आई आण!" सगुणी एका श्वासात म्हणाली.

परीने कमरेची वही काढली आणि मान हलवली. "इथेच सगळे अडतात. नियम ऐकून घे आधी. एक, मिरची देठासकट खुडायची, एका वेळी एकच. दोन, सावलीत वाळवायची. उन्हात घाई केलीस तर मिरचीचा रंग उडतो तशी इच्छाही उडते. तीन, हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळ वाजल्या, की ती विस्तवात टाकायची. टाकणाऱ्याच्या मनात त्या वेळी जे असेल, ते खरं होईल. चार, हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर मिरची नुसती मिरची होईल. आणि पाच." इथे परीने सगुणीकडे न पाहता वही मिटली. "माणसाला इच्छेने ओढून आणता येत नाही. माणूस म्हणजे काही विहिरीतली बादली नव्हे."

सगुणीचा चेहरा विझला. पण ती हुशार होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "राजेसाहेबांच्या तोंडाला चव यावी, असं मागितलं तर?"

"चवीबद्दल नियम नाही," परी म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. अंधाऱ्या देव्हाऱ्यात निरांजन लागावे, तसे परस उजळले.

सगुणीने जांभळी मिरची खुडली, पुसली, दोऱ्यात ओवली आणि मागच्या पडवीत टांगली. रोज सकाळी ती फडक्याने तिला पुसे, बुरशी लागली नाही ना ते बघे, आणि कानाशी धरून हळूच हलवी. पहिल्या आठवड्यात आवाज नाही. दुसऱ्या आठवड्यात आवाज नाही. एकविसाव्या दिवशी, खुळ्! खुळ्‌खुळ्!

सगुणीच्या छातीतही तसेच काहीतरी वाजले. ती चुलीपाशी धावली. तिने निखारे फुंकले. 'राजेसाहेबांना चव येऊ दे' असे मनात म्हणायला सुरुवात करणार, तोच दारात कोंडाबाई उभी! केस विस्कटलेले, कडेवर तान्हे बाळ, आणि बाळ रडून रडून निळे पडलेले.

"सगू, तुझ्याकडं एखादी वाळली मिरची आहे का गं?" कोंडाबाई म्हणाली. "दोन दिवस झाले, दुधाला तोंड लावत नाही. दृष्ट लागलीये. अख्ख्या गावात मिरची नाही गं, सगळी त्या राजवाड्यात!" मग तिला आपली शेळी आठवली असावी. ती खाली मान घालून म्हणाली, "कोणत्या तोंडानं मागू तुझ्याकडं..."

हळदोलीत कुणाला दृष्ट लागली, की मीठ, मोहरी आणि वाळलेली मिरची त्याच्यावरून ओवाळून विस्तवात टाकीत. ठसका लागला, तर समजायचे दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही, तर समजायचे दृष्ट होती आणि ती जळली. हे शास्त्र गावात सर्वांना पाठ होते, आणि ते कधी चुकत नसे, कारण दोहोंपैकी एक काहीतरी व्हायचेच.

सगुणीने मुठीतली जांभळी मिरची पाहिली. मग बाळाचे इवलेसे, थरथरणारे ओठ पाहिले. बाळाला त्याची आई धरून होती. ती त्याला किती घट्ट धरून होती, तेच सगुणी बघत राहिली. मग तिने मूठ उघडली.

कोंडाबाईने मिरची ओवाळून टाकली. जांभळा धूर निघाला, ठसका कुणालाच लागला नाही, आणि बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागले. "बघितलंस? केवढी दृष्ट होती!" कोंडाबाई म्हणाली. सगुणीने मान डोलावली. नियम चौथा होता ना!

"दोन उरल्या," परसात ठिणगी परी म्हणाली. रागावली नव्हती. पण हसलीही नव्हती.

सगुणीने मोतिया मिरची टांगली. पुन्हा एकवीस दिवस. आता तिला आईची 'सगू' ही हाकसुद्धा दुरून, पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येई. ती आईच्या पाटावर बसायची, आईच्या वाटीने पाणी प्यायची. आईचे जुने लुगडे नाकाशी धरायची. त्याला येणारा तिखटाचा वास दिवसेंदिवस कमी होत होता, म्हणून वास संपू नये या भीतीने ती दोन दिवसांतून एकदाच हुंगायची.

एकविसाव्या दिवशी मोतिया मिरची खुळखुळली. या वेळी सगुणीने शहाणपणा केला. तिने पुढचे दार लावले, मागचे दार लावले, खिडकी लावली, आणि चुलीसमोर बसली. आता कोण येतो बघू!

आले कुणीच नाही. पण भिंतीपलीकडून आवाज आला. पलीकडे अंतूकाका तेल्याचा घाणा होता.

"ऊठ रे पवळ्या," अंतूकाका आपल्या बैलाला सांगत होता. "ऊठ ना रे राजा. चार दिवस काडी खाल्ली नाहीस. तू गेलास तर मी बोलायचं कुणाशी? घरात दुसरं आहे कोण?"

सगुणीने कानांवर हात ठेवले. पण हातांत मिरची होती, आणि ती कानाशी खुळखुळली. 'घरात दुसरं आहे कोण?' हे वाक्य तिला चांगलेच ओळखीचे होते. तिने दार उघडले आणि ती पलीकडे गेली.

"अंतूकाका, पवळ्याची दृष्ट काढा," ती म्हणाली. "ही घ्या मिरची. लवकर घ्या, नाहीतर मी परत नेईन."

पांढरा शुभ्र धूर निघाला. पवळ्याने कान हलवले, शेपूट हलवली, आणि तो धडपडत चारी पायांवर उभा राहिला. अंतूकाका त्याच्या गळ्यात पडून रडला. सगुणी घरी येऊन रडली.

"देऊ नये असं का नाही सांगितलंस मला?" तिने परीला विचारले.

"द्यावं असंही कुठं सांगितलं होतं?" ठिणगी म्हणाली. ती उडत आली आणि सगुणीच्या ओल्या गालावर बसली. दवाचा थेंब बसावा तशी. "एक राहिली आहे, बाळ."

केशरी मिरची सगळ्यांत फुगीर, सगळ्यांत गरदार. त्यात हवा दमट झालेली. एकवीस दिवस झाले, तरी ती मऊच. पंचवीस झाले. तीस झाले. एकदा सगुणीला राहवले नाही. ढगांतून उन्हाचा एक पिवळाधमक पट्टा अंगणात उतरला होता. तिने मिरची काढली आणि त्या उन्हात ठेवली. फक्त थोडा वेळ, ती स्वतःला म्हणाली. पण बघता बघता केशरी कडेवर फिकट डाग उठला. तिने झडप घालून मिरची उचलली, परकराच्या ओच्यात झाकली, आणि तिची माफी मागितली. नंतर ती तशीच सावलीत, मिरचीच्या दोऱ्याखाली बसून राहू लागली. खाणे कमी झाले. बोलणे त्याहून कमी झाले. हसणे तर कधीचेच बंद होते.

आत्या बघत होती. "जेव की गं मेले!" ती ओरडे. "हाडं मोजायची का तुझी?" मग तिने ओरडणेही सोडले, आणि ते फार वाईट लक्षण होते.

पस्तिसाव्या दिवशी दुपारी सगुणीला कणकण आली. ती पडवीतच झोपी गेली. आत्या गुडघे धरून तिच्याजवळ बसली, तिच्या कपाळाला हात लावला, आणि सुकलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. 'दृष्टच लागली माझ्या पोरीला,' आत्याला वाटले. 'दुसरं काय असणार?' तिने वर पाहिले. दोऱ्याला एक केशरी मिरची लटकत होती. वाऱ्याने ती हलली. खुळ्‌खुळ्!

आत्याने मिरची काढली, मीठमोहरी घेतली आणि झोपलेल्या सगुणीवरून ओवाळली. "आल्यागेल्याची, घरच्यादारची, वाटेवरल्या वाटसरूची, झाडावरल्या पाखराची, कुणाची लागली असेल ती जळून जावो!" तोंडाने ती पाठ केलेले म्हणत होती. पण मिरची चुलीत टाकताना मनात मात्र निराळेच होते. मनात होते, 'एकदा, फक्त एकदा, हिला हसताना बघू दे.'

सगुणी जागी झाली ती चरचर आवाजाने.

"आत्या! ती मिरची..." ती चुलीकडे धावली. मिरची लालभडक होऊन तडकत होती. "ती मिरची..." पुढे तिला बोलता येईना. चौथा नियम!

"तुझीच दृष्ट काढली," आत्या म्हणाली. "आणि बघ, ठसक्याचं नाव नाही! अगं, डोंगराएवढी दृष्ट होती तुला!"

सगुणी परसात आली आणि मोडक्या घागरीला टेकून हमसून हमसून रडली. आता मिरची नाही, इच्छा नाही, आई नाही. आपण दोनदा मूठ उघडली, आणि तिसऱ्यांदा तर मूठ उघडायचीही गरज पडली नाही.

"रडून झालं की वर बघ," ठिणगी म्हणाली.

सगुणीने वर पाहिले. चुलीवरच्या धुराड्यातून केशरी धुराची एक बारीक, लखलखती रिबीन निघाली होती. ती वर गेली, वळली, गावावरून, शेतांवरून, टेकड्यांवरून लहरत निघाली. राजधानीकडे! घरात ठसका लागला नव्हता, कारण धूर घरात थांबलाच नव्हता.

"पण माणसाला ओढून आणता येत नाही ना?"

"कुठं ओढलं?" परी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "मी फक्त धूर जरा वळवला. धुराबद्दल नियम नाही."

त्या वेळी राजवाड्यात राजेसाहेब दुपारच्या जेवणाला बसले होते. समोर बारा जणींनी कांडलेल्या मिरच्यांच्या बारा लालजर्द आमट्या होत्या. राजवैद्य बाजूला उभे राहून "आणखी तिखट!" असे सांगत होते. इतक्यात खिडकीतून केशरी रिबीन आली, बारा आमट्यांवरून गेली, आणि सरळ राजेसाहेबांच्या नाकात शिरली.

"आ... आ... आक्छी!"

मुकुट उडाला. दुसऱ्या शिंकेला पंखा ढाळणारे दोघे मागे सरकले. तिसऱ्या शिंकेला राजवैद्यांचा फेटा सुटला. राजेसाहेब एकवीस वेळा शिंकले. खरी गोष्ट अशी होती, की जिभेला काही झालेच नव्हते. वर्षभर त्यांचे नाक चोंदलेले होते, आणि चोंदलेल्या नाकाला चव कळत नाही. पण राजवैद्यांनी जीभ बघायची ठरवली होती, त्यामुळे नाक कुणी बघितलेच नाही. एकविसाव्या शिंकेला नाक मोकळे झाले. राजेसाहेबांनी मोठा श्वास घेतला, आनंदाने पहिल्या आमटीचा घोट घेतला, आणि जागच्या जागी उडी मारली.

"मेलो! मेलो! हे जेवण आहे की जाळ? आठ महिने मला हे खायला घालत होता? कोणी कांडली ही मिरची?"

"बारा जणींनी, महाराज," राजवैद्य अभिमानाने म्हणाले.

"त्या बाराही जणींना आत्ताच्या आत्ता घरी पाठवा! पुन्हा इथे दिसता कामा नयेत! मला दहीभात आणा!"

कुणी कुणाचे आभार मानले नाहीत, कुणाला शालू मिळाला नाही. बारा जणींना घालवून दिले, एवढेच. पण घालवून दिल्याचा असा आनंद त्या राजवाड्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. बारा जणी वाड्याच्या पायऱ्या अक्षरशः धावत उतरल्या. खाली अंतूकाका मुदपाकखान्यात तेल घालून गाडी वळवीत होता. गोदा दिसताच तो म्हणाला, "बस वहिनी. पवळ्या आता वाऱ्यासारखा पळतो. का, ते तुझ्या लेकीला विचार."

दुसऱ्या दिवशी, उन्हे कलती होत असताना, हळदोलीच्या वाटेवर घुंगरू वाजले. सगुणी परसात काड्यांना पाणी घालीत होती. एका काडीच्या टोकाला इवलासा हिरवा कोंब फुटला होता, तो ती बघत होती.

"सगू!"

हाक पाण्याखालून आली नाही. दुरून आली नाही. कुंपणाच्या पलीकडून आली.

सगुणीच्या हातचा तांब्या सुटला. ती धावली. आई गाडीतून उतरली होती. ती वाळली होती, डोळे तांबडे झाले होते. सगुणी जवळ येताच आईने हात पुढे केले आणि चटकन पाठीमागे लपवले.

"हात नको, सगू. आठ महिने मिरची कांडलीये. धुतलं तरी जात नाही. तुझ्या गालांची आग होईल गं."

सगुणीने काही ऐकले नाही. तिने आईच्या पाठीमागून दोन्ही हात ओढून काढले आणि आपल्या गालांवर दाबून धरले. झणझणीत आग झाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. आणि त्या पाण्यातून सगुणी हसली. खळखळून, पोट धरून, थांबता येईना असे हसली. दारात उभी असलेली आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "कुणी मिरची जाळतंय का गं? धूर लागतोय डोळ्यांना." कुणीही मिरची जाळत नव्हते.

"चल जेवायला," आई म्हणाली. हे असे म्हणायची ती! अगदी असेच.

कुंपणावर ठिणगी परी बसली होती. तिने वही उघडली, त्यात काहीतरी लिहिले, आणि मग लिहिलेले पान फाडून वाऱ्यावर सोडून दिले. सगुणीने तिच्याकडे पाहिले. परीने ओठांवर बोट ठेवले. चौथा नियम! मग तिचे तांबूस पंख उजळले. आधी केशरी झाले, मग मोतिया, मग जांभळे. तिन्ही रंगांचा एक लख्ख, सोनेरी भडका परसातल्या काडीकाडीवरून सर्रकन धावला. डोळे दिपले. ते उघडले, तेव्हा कुंपणावर नुसते ऊन होते.

"काय बघतेस?" आईने विचारले.

"काही नाही," सगुणी म्हणाली, आणि आईच्या हातांत गाल आणखी घट्ट रुतवले.

थोड्या वेळाने आत्या वाटीत खोबरेल घेऊन आली. म्हणाली, आग लगेच जाईल, लावून घे. अंतूकाकाही ताजे तेल घेऊन आला. कोंडाबाईने ताक आणले. पण सगुणी गालांना कुणाला हात लावू देईना. ती आग संध्याकाळभर राहिली, जेवताना राहिली, आईच्या कुशीत शिरतानाही राहिली, आणि सगुणीने ती जराही विझू दिली नाही.